काचतंतू : टिकाऊपणाचा इतिहास आणि उतरवलेल्या पात्यांचा प्रश्न

मार्च २०२५ अखेर भारताची पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. बातमी सर्वत्र आली आणि तिचे स्वागत झाले, ते योग्यच होते. त्याआधी सव्वा वर्ष, डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारने जुन्या पवनचक्क्या उतरवून त्यांच्या जागी नव्या, अधिक क्षमतेच्या उभारण्याविषयीचे सुधारित धोरण जाहीर केले होते. त्याची चर्चा मात्र ऊर्जाक्षेत्राबाहेर फारशी झाली नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने २ मेगावॅटपेक्षा लहान यंत्रे विचारात घेऊन अशा नवउभारणीला किती वाव आहे याचा अंदाज बांधला आहे. तो सुमारे २५.४ गिगावॅट आहे.

या आकड्याचे वजनात रूपांतर करून पाहावे. एक मेगावॅट क्षमतेमागे पात्यांचे साहित्य ढोबळमानाने १० टन धरतात. त्या हिशेबाने ही सारी यंत्रे उतरवली, तर अडीच लाख टन पाती जमिनीवर येतील. हा माझा कागदावरचा गुणाकार आहे, कोणत्याही अहवालातील आकडा नव्हे, आणि ती एका वर्षात येणार नाहीत हेही उघड आहे. तरी प्रश्नाचा आकार समजण्यास तो पुरेसा आहे. मनोऱ्याचे पोलाद भंगारवाला आनंदाने नेतो, जनित्रातील तांब्याला तर सोन्यासारखा भाव येतो. पात्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. ते का, याचे उत्तर पात्याच्या आत असलेल्या काचतंतूंच्या इतिहासात आहे.

काच तापवून तिचा धागा ओढता येतो, हे ज्ञान प्राचीन आहे. इजिप्तचे कारागीर मातीच्या गाभ्याभोवती वितळलेल्या काचेचे धागे गुंडाळून कुप्या घडवीत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रेओम्यूरने काचेचे सूत काढून ते विणता येईल का, याचा विचार केला होता. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी या काच कारखानदाराने रेशीम आणि काचतंतू एकत्र विणून केलेला पोशाख मांडला. लोकांनी तो पाहण्यासाठी गर्दी केली, पण तो वापरण्याजोगा नव्हता. तंतू जाड होते आणि घडी पडली की तुटत.

त्याच सुमारास लंडनमध्ये चार्ल्स व्हर्नन बॉईज या भौतिकशास्त्रज्ञाला अतिशय बारीक धागा हवा होता. मोजायचे बल इतके क्षीण होते की ज्या धाग्यावर तुला टांगायची, त्याची पीळ घेण्याची प्रवृत्ती एकसारखी आणि कायमची असणे आवश्यक होते. रेशमाचा धागा या कामी भरवशाचा नव्हता. १८८७ मध्ये बॉईजने गवताच्या काडीचा बाण केला, त्याच्या शेपटाला वितळलेल्या क्वार्ट्झचा थेंब चिकटवला आणि तो धनुष्यातून सोडला. बाण प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मागे डोळ्यांना जेमतेम दिसणारा तंतू ताणला गेला होता. अशाच तंतूवर टांगलेल्या तुलेने त्याने गुरुत्वस्थिरांक मोजला आणि १८९५ मध्ये प्रसिद्ध केला. आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना ही कथा आवडते. तिच्यातील मर्म मात्र बहुधा सांगायचे राहून जाते : हा तंतू जाडीच्या मानाने कोणी कल्पना केली नसेल इतका बळकट होता.

त्या बळकटपणाचा अर्थ लावला ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ याने. फार्नबरो येथील शाही विमान संस्थेत काम करणाऱ्या या तरुण अभियंत्याने निरनिराळ्या जाडीचे काचतंतू ओढून ते तोडून पाहिले. त्याचा निबंध १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा तंतू १७० मेगापास्कलच्या आसपास तुटला, तर सव्वातीन मायक्रॉनच्या तंतूने जवळजवळ ३,४०० मेगापास्कल ताण सोसला. काच तीच, पण ताकद वीसपट.

ग्रिफिथचे स्पष्टीकरण असे की काच तुटते ती तिच्यात आधीपासून असलेल्या सूक्ष्म भेगांमुळे. भेग वाढली की नवा पृष्ठभाग तयार होतो आणि त्याला ऊर्जा लागते. ती ऊर्जा ताणलेल्या काचेत साठलेल्या स्थितिस्थापक ऊर्जेतून मिळते. भेग एका ठरावीक लांबीपलीकडे गेली की मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा जास्त होते आणि मग तिला कोणी थांबवू शकत नाही. यातून निघणारे सूत्र सुटसुटीत आहे : ताकद ही भेगेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. आकडे घालून पाहिले तर १७० मेगापास्कलला तुटणाऱ्या काचेतील भेग जेमतेम १ मायक्रॉनची निघते आणि ३,४०० मेगापास्कल सोसणाऱ्या तंतूतील सुमारे २ नॅनोमीटरची, म्हणजे काही मोजक्या अणूंची. बारीकपणात मूलतः काही जादू नाही, हे १९५० च्या दशकातील प्रयोगांनी पुढे स्पष्ट केले. सारख्याच परिस्थितीत काळजीपूर्वक ओढलेले जाड-बारीक तंतू जवळपास सारखेच बळकट निघतात. सारे सामर्थ्य नुकत्याच घडलेल्या, कशाचाही स्पर्श न झालेल्या पृष्ठभागाचे असते. पुढे कचऱ्याची गोष्ट येईल तेव्हा हा २ नॅनोमीटरचा आकडा पुन्हा लागणार आहे.

तंतूंचे कारखानी उत्पादन योगायोगाने साधले. १९३२ मध्ये अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय कंपनीत गेम्स स्लेटर यांच्या हाताखाली डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या दोन विटा हवाबंद जोडण्याच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाखालील हवेचा झोत पडला आणि काचेचा बारीक कापूस उडाला. विटा जोडण्याचे काम मागे पडले, पण या कापसातून १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. अखंड तंतू काढण्याची रीतही याच काळात बसली. प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांच्या मिश्रधातूची, शेकडो ते हजारो छिद्रांची तबकडी, जिला बुशिंग म्हणतात, तिच्यातून सुमारे १,२५० अंश सेल्सियसला काच झिरपते आणि खाली वेगाने फिरणारे चाक तिला ओढून दहा-वीस मायक्रॉनचे तंतू करते. तंतू थंड होताच त्यावर साईझिंग नावाचा पातळ लेप चढवतात. हा लेप नसेल तर तंतू एकमेकांवर घासून ओरखडले जातात आणि ग्रिफिथच्या भेगा तिथल्या तिथे तयार होतात. लेपातील सिलेन रेणूंचे दुसरेही काम आहे. त्यांचे एक टोक काचेला धरते, दुसरे राळेला.

ही राळ हा कथेचा दुसरा अर्धा भाग. १९३० च्या दशकात असंतृप्त पॉलिएस्टर राळा आल्या, त्यांच्या मागोमाग इपॉक्सी. द्रवरूप राळेत तंतू भिजवायचे, साच्यात बसवायचे आणि रासायनिक क्रियेने राळ घट्ट होऊ द्यायची. या क्रियेत राळेचे रेणू एकमेकांशी जाळ्यासारखे बांधले जातात. तूप थिजते आणि पुन्हा वितळते, पण भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही. थर्मोसेट राळ ही भाकरीच्या जातीची आहे. दुसऱ्या महायुद्धात हा संमिश्र पदार्थ विमानांवरील रडारच्या आवरणांसाठी कामी आला, कारण रेडिओलहरी त्यातून आरपार जातात. १९५३ मध्ये शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट मोटारीचा सांगाडा त्याचाच केला. गंज नाही, कीड नाही, वजन कमी. त्या पिढीच्या अभियंत्यांना यात वाईट काही दिसले नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

भारतात हा पदार्थ आला तो आधी अवकाश आणि विमानविद्येच्या वाटेने. थुंबा येथील अग्निबाण कार्यक्रमात तंतूप्रबलित प्लास्टिकवर साठच्या दशकात काम सुरू झाले आणि त्यात अब्दुल कलाम यांचा पुढाकार होता. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ च्या वरच्या टप्प्यांची कवचे याच जातीच्या पदार्थाची होती. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे हंस हे प्रशिक्षण विमान १९९३ मध्ये उडाले, त्याचा सांगाडाही काचतंतूंचा. आपल्या भागात कच्चा तंतू बनवणारे कारखाने नवी मुंबईजवळ तळोजा येथे आणि गोव्यात कोलवाळ येथे उभे राहिले.

सामान्य माणसाच्या आयुष्यात तो ‘फायबर’ या एका शब्दाने शिरला. छपराचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, बसच्या आसनांपासून गणेशमूर्तींपर्यंत. (बाजारात फायबरची म्हणून विकली जाणारी खुर्ची बहुधा साध्या प्लास्टिकची असते, ही वेगळी गोष्ट.) दक्षिणेच्या किनाऱ्यावरील बदल याहून मोठा होता. १९८० च्या दशकात आंध्रच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांचे प्रयोग झाले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीच्या ओघात तामिळनाडूच्या कोळ्यांना अशा हजारो होड्या मिळाल्या आणि लाकडी ओंडके बांधून केलेला पारंपरिक कट्टुमरम मागे पडला. कट्टुमरम मोडला की त्याचे सरपण होई. फायबरची होडी मोडली की ती वाळूतच राहते.

पवनचक्क्यांचा आरंभ १९८६ चा. गुजरातमध्ये ओखा, तामिळनाडूचा किनारा आणि महाराष्ट्रात रत्नागिरी येथे ५५ किलोवॅटची डॅनिश यंत्रे उभी राहिली. पुढे मुप्पंदलची खिंड, साताऱ्याचे चाळकेवाडी आणि वनकुसवड्याचे पठार, धुळ्याचे माळ, जैसलमेरचे वाळवंट. पुण्यात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या सुझलॉनने या विस्तारात मोठा वाटा उचलला. या यंत्रांचे आयुष्य २० ते २५ वर्षे धरलेले असते. नव्वदच्या दशकात उभारलेली यंत्रे ते ओलांडून गेली आहेत.

पश्चिमेत हा प्रश्न आपल्याआधी आला आणि तेथील अपयशे आपल्याला फुकट उपलब्ध आहेत. १९९० च्या दशकात जर्मनीतील एरकॉम आणि कॅनडातील फिनिक्स फायबरग्लास या उद्योगांनी संमिश्र पदार्थाचा चुरा करून तो नव्या पदार्थात मिसळण्याचा व्यवसाय केला. तंत्र व्यवस्थित चालत होते. अडचण बाजाराची होती. चुरा ज्याची जागा घेणार होता ती चुनखडीची पूड इतकी स्वस्त की दळण्याचा आणि वाहतुकीचा खर्चही निघेना. दोन्ही उद्योग बंद पडले. वर्तुळाकार अर्थव्यवस्थेवर बोलताना आपण तंत्रज्ञानाची उणीव पुढे करतो. येथे उणीव तंत्रज्ञानाची नव्हती.

मग चुरा न करता राळ जाळून तंतू वेगळा काढावा, हा विचार पुढे आला. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात तप्त वाळूच्या उसळत्या थरात, सुमारे ४५० अंशांना, संमिश्राचे तुकडे सोडून स्वच्छ तंतू मिळवण्यात यश आले. पण त्या तंतूंची ताकद निम्मी झाली होती. ग्रिफिथचे सूत्र येथे पुन्हा उघडावे. ताकद निम्मी होण्यास भेग चौपट व्हावी लागते, म्हणजे २ नॅनोमीटरची ८. या ६ नॅनोमीटरांनी एका उद्योगाचे गणित मोडले आहे. उष्णतेने साईझिंगचा लेप जळतो, उघडे तंतू एकमेकांवर घासतात, पृष्ठभागाची रचनाही बदलते. शिवाय लेप गेल्याने नवी राळ तंतूला नीट धरत नाही. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जेम्स थॉमसन आणि लिऊ यांग यांनी अशा तंतूंच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया करून गेलेल्या ताकदीचा बराच भाग परत मिळवता येतो, हे दाखवले आहे. मला हे संशोधन फार मोलाचे वाटते. तरी नवा काचतंतू हा मुळातच स्वस्त पदार्थ आहे आणि कार्बनतंतूच्या पुनर्वापराला जी किंमत परवडते ती येथे परवडत नाही, हे विसरता येत नाही.

कारखान्याच्या दारातच पडणाऱ्या कचऱ्याचे काय? बुशिंगवर तंतू तुटले की पुन्हा ओढ बसेपर्यंत काच वाया जाते. गुंडाळीची टोके कापावी लागतात. हा कचरा एकाच घटनेचा आणि राळविरहित असतो, म्हणून तो सरळ भट्टीत टाकावा असे वाटते. प्रत्यक्षात ओला, गुंतलेला तंतू भट्टीत एकसारखा पडत नाही, तो आधी वाळवून दळावा लागतो. लेपातील कार्बनमुळे वितळलेल्या काचेतील ऑक्सिडीकरणाचा तोल बिघडतो आणि बुडबुडे होतात. बाटलीत एखादा बुडबुडा खपून जातो. दहा मायक्रॉनच्या तंतूत तो सरळ तुटण्याची जागा असतो, आणि एक तंतू तुटला की सारे बुशिंग थांबते. लेप जाळून, बारीक दळून, मोजक्या प्रमाणात मिसळल्यास हे जमते. माझ्या मते काचतंतूच्या बाबतीत खरे ‘वर्तुळ’ म्हणावे असे आज एवढेच आहे.

उतरवलेल्या पात्यांसाठी मोठ्या प्रमाणावर चालणारा मार्ग सिमेंटच्या भट्टीचा. जर्मनीने २००५ मध्ये सेंद्रिय अंश जास्त असलेला कचरा पुरण्यास बंदी केली, तेव्हा तेथील पात्यांना दुसरी वाट शोधणे भाग पडले. लेगरडॉर्फ येथील सिमेंट कारखान्यात पात्यांचे तुकडे इंधन आणि कच्चा माल म्हणून वापरले जाऊ लागले. अमेरिकेत अशी बंदी नव्हती. वायोमिंगमधील कॅस्पर गावाबाहेर ओळीने पुरलेल्या पात्यांची छायाचित्रे जगभर पाहिली गेली.

भट्टीत घडते ते असे. राळ जळते आणि किलोमागे सुमारे ३० मेगाजूल उष्णता देते, तेवढा कोळसा वाचतो. उरलेल्या काचेतील सिलिका, ॲल्युमिना आणि चुना थेट क्लिंकरमध्ये जातात. यातील चुन्याचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. सिमेंटला लागणारा चुना एरवी चुनखडी भाजून मिळतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. काचेतील चुन्याने हा कर काच बनतानाच भरलेला असतो. नेहमीच्या ई-काचेत चुना वजनाने सुमारे एक पंचमांश असतो, त्यामुळे ही बचत माफक आहे, पण खरी आहे. अडचण बोरॉनची. जुन्या ई-काचेत बोरॉन ऑक्साइड ६ ते ८ टक्क्यांपर्यंत असते आणि ते सिमेंट घट्ट होण्यास विलंब लावते, म्हणून भट्टीत पाती मर्यादित प्रमाणातच टाकता येतात. नव्या बोरॉनविरहित तंतूंना ही मर्यादा लागू नाही.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्येच थर्मोसेट प्लास्टिक आणि तंतूप्रबलित प्लास्टिकच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सिमेंट भट्टीतील सहप्रक्रियेला पसंती आहे. भारत सिमेंट उत्पादनात जगात दुसरा असल्याने भट्ट्यांची वाण नाही. अंतराची आहे. तिरुनेलवेलीजवळ सिमेंटचे जुने कारखाने असल्याने मुप्पंदलच्या पात्यांना ही वाट सोपी आहे, पण साताऱ्याच्या पठारावरून पाहता चंद्रपूर राज्याच्या दुसऱ्या टोकाला पडते. पाते पोकळ असते. ट्रक भरतो तो आकारमानाने, वजनाने नव्हे. म्हणून ते डोंगरावरच कापावे लागते, आणि कापणाऱ्याच्या अंगावर काच आणि राळ यांची धूळ बसते. दहा मायक्रॉनचा अखंड तंतू सहसा फुफ्फुसात खोल जात नाही, त्याचा त्रास कातडीला आणि डोळ्यांना अधिक. दळताना उडणाऱ्या बारीक धुळीविषयी मात्र इतके निश्चिंत राहता येणार नाही. पाण्याचा फवारा आणि मुखपट्टी यांचा खर्च कंत्राटात आधीच लिहिलेला असावा. नंतर तो कोणी करत नाही.

सिमेंटच्या मार्गाला पुनर्वापर म्हणावे का, यावर वाद होतो. तंतू तंतू म्हणून परत येत नाही, हे खरेच. तरीही आज पाते पुरणे आणि पाते भट्टीत देणे यांतून निवडायचे असेल, तर मी निःसंकोच भट्टी निवडेन.

तंतू अभंग ठेवायचा, तर उष्णता टाळायला हवी. म्हणजे राळेचे जाळे रसायनाने उकलायला हवे. सीमेन्स गमेसाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पात्यांत राळ घट्ट करणारा रेणूच असा योजला आहे की सौम्य आम्लाच्या कोमट द्रावणात त्याचे बंध सुटतात. ही राळ पुरवते आदित्य बिर्ला समूहातील कंपनी. अशी पाती २०२२ मध्ये जर्मनीच्या किनाऱ्याबाहेर कास्कासी प्रकल्पात चढली, म्हणजे ती २०४५ च्या आगेमागे उतरतील. डेन्मार्कच्या वेस्टासने २०२३ मध्ये जुन्या इपॉक्सी पात्यांचीही राळ उकलण्याची रीत आपल्याकडे असल्याचे जाहीर केले. ती मोठ्या प्रमाणावर परवडली तर भारतातील बऱ्याच पात्यांना दुसरी वाट मिळेल. पण सगळ्यांना नव्हे, कारण आपल्याकडील अनेक जुनी, लहान पाती पॉलिएस्टरची आहेत.

आणि कोणती कशाची, याची नोंद प्रत्येक ठिकाणी हाती नाही. काही उत्पादक कंपन्या राहिलेल्या नाहीत, यंत्रांचे मालक दोन-तीनदा बदलले आहेत. हे काम मात्र आजच करता येण्याजोगे आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. पाते उभे असतानाच त्याच्या मुळाशी नखाएवढा नमुना घ्यावा. अवरक्त वर्णपटात पॉलिएस्टरच्या एस्टर गटाचे शोषण १,७३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास ठळक दिसते, साध्या इपॉक्सीत ते दिसत नाही. काचेतील बोरॉन मोजायला वेगळी चाचणी लागते, तीही नेहमीचीच. असे उपकरण पवनचक्क्यांच्या बहुतेक जिल्ह्यांत कोणत्या ना कोणत्या विज्ञान महाविद्यालयात असते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका नमुन्यामागे दहा मिनिटे लागतात.